सगळीकडे मध्यम

त्या दुपारी दुकानात सगळे कुजबुजत भांडत होते, कारण दारापासून तिसऱ्या गादीवर गिऱ्हाईक झोपलेलं होतं.

झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नाही, हा पणजोबांनी घालून दिलेला नियम. पणजोबांनी आयुष्यात जे काही केलं त्यातलं निम्मं पुढच्यांना निस्तरावं लागलं. पण हा नियम मात्र कुणी मोडला नाही. गादीवर नुसता पडून राहिलेला माणूस विचार करतो, आणि विचार करणारा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निघून जातो. ज्याला झोप लागली तो गादी घेतल्याशिवाय जात नाही. त्यामुळे या दुकानात आजवर रुसवेफुगवे, समजुती आणि एकदा तर भावाभावांतली वाटणीची बोलणीसुद्धा दबक्या आवाजात झाली होती.

“मध्यम?” आत्या कुजबुजली. “सगळ्या रकान्यांत मध्यम?”

“सगळ्या,” आजोबा कुजबुजले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

आत्या मटकन मागच्या गादीवर बसली. गादी स्प्रिंगची होती, त्यामुळे ती पुन्हा थोडी वर आली आणि मग नीट बसली. एवढ्या मोठ्या दुकानात खुर्ची नावाला नव्हती. उभं राहून पाय दुखले की माणूस आपोआप गादीवर टेकतो, हेही पणजोबांचंच डोकं.

आत्या एका कॉलेजच्या कार्यालयात आहे. अर्ज घेणं, त्यावर शिक्का मारणं आणि ‘उद्या या’ म्हणणं एवढंच तिचं काम. पण ते ती इतकी वर्षं करते आहे की शिक्षणातलं आपल्याला सगळं कळतं अशी तिची खात्री झाली आहे. पंचाईत अशी की घरात तिच्याहून जास्त कळणारंही कुणी नाही. वर्षभरापूर्वी घरातल्या नव्या पडद्यांवरून खटका उडाल्यापासून तिचं आणि तिच्या वहिनीचं, म्हणजे आईचं, बोलणं बंद होतं. निरोप असलाच तर काकांमार्फत जायचा, आणि काका तो हमखास उलटा पोचवायचे. अशात आईने स्वतः फोन करून “ताई, असाल तशा या” म्हटलं, तेव्हा आत्याला वाटलं घरातलं कुणीतरी गेलं. ती शिक्का हातात घेऊनच धावत आली. इथे आल्यावर जे कळलं ते तिच्या मते त्याहून वाईट होतं.

उशीला पुढे शिकायचं होतं. उशी म्हणजे आईची मुलगी. जन्मली तेव्हा मापाने उशीएवढीच होती आणि कारखान्यात उशांच्या खोक्यातच झोपायची, तेव्हापासून हे नाव चिकटलं. तिचं खरं नाव आता कागद पाहिल्याशिवाय घरात कुणाला सांगता येत नाही. लांबच्या एका विद्यापीठात माणसाच्या झोपेवर संशोधन चालतं, तिथे तिला जायचं होतं. “म्हणजे तिथे जाऊन झोपायचं आणि वर पदवी?” असं काकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, आणि आपलं आयुष्य चुकीच्या दिशेने गेलं असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

गेल्या वर्षी तिने बरेच अर्ज केले आणि सगळीकडून नकार आले. त्यानंतर किती तरी दिवस ती मागे कारखान्यात खोळी शिवत बसली. कुणी काही विचारलं की ओठांत धाग्याचं टोक धरायची, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही. यंदा तिने एकच अर्ज भरायला घेतला आणि आईला सांगून टाकलं, “या वेळी नाही झालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.” आईला ते ‘नाही झालं तर’ फार लागलं होतं.

अर्जाला तीन शिफारशी लागतात. दोन तिच्या शिक्षकांनी कधीच दिल्या होत्या. तिसरी, जिथे काम केलं तिथल्या मालकाची किंवा कुणा जाणत्या माणसाची. उशीने काम केलं होतं ते या दुकानात, आणि दुकानाचे मालक आजोबा. विद्यापीठाकडून आलेला फॉर्म काकांनी फोनवर वाचून दाखवला, आजोबांनी डोळे मिटून उत्तरं सांगितली, काकांनी बोटाने दाबली. बुद्धी, चिकाटी, लेखन, इतरांशी जमवून घेणं, संशोधनाची कुवत. प्रत्येकापुढे पर्याय होते: असामान्य, उत्तम, चांगली, मध्यम, कमी. सकाळी चहा पिताना आजोबांनी ही गोड बातमी सगळ्यांना दिली, आणि आज संध्याकाळी अर्जाची मुदत संपत होती.

“अण्णा,” आत्या शिक्का गादीवर ठेवत म्हणाली, “मध्यम म्हणजे शेवटून दुसरं. त्याच्या खाली फक्त ‘कमी’.”

आजोबांना हे कळेना. ते खरोखर चक्रावले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी कारखान्यातली प्रत्येक नवी गादी स्वतः तिच्यावर पडून तपासली होती. डोळे मिटायचे, दोन्ही कुशींवर वळायचं आणि निकाल द्यायचा. “घट्ट,” की गादी परत उसवायची. “मऊ,” की परत भरायची. “चालेल,” की दुकानात. आणि कधीतरी, फार क्वचित, ते तसेच पडून राहायचे आणि हळूच म्हणायचे, “मध्यम.” त्या दिवशी कारागीर एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे आणि दुपारचं काम बंद व्हायचं. पोरीला पाच रकान्यांत पाच वेळा मध्यम दिलं होतं त्यांनी. हात आखडता घेतला नव्हता.

“घट्ट माणूस टोचतो,” ते समजुतीने म्हणाले, “मऊ माणूस खचतो. मधला तेवढा टिकतो. त्याच्यावर काय असतं सांग बघू मला?”

“असामान्य असतं, अण्णा! पहिलंच होतं ना यादीत!”

“असामान्य गादी मी पाहिली आहे. परत आली होती. एका बाजूने उंच.”

“मग उत्तम तरी!”

“उत्तम पाटीवर लिहितात,” आजोबा नाक मुरडून म्हणाले. “समोरच्याने तर सर्वोत्तम लिहिलंय, आणि आत काय भरतो ते त्याचं त्याला माहीत. अगं, तुझ्या आईलासुद्धा लग्नानंतर मी पहिल्यांदा हेच म्हणालो होतो.”

“मध्यम?”

“मध्यम.”

“म्हणूनच ती माहेरी निघून गेली होती!” आत्याचा आवाज चढला. तिसऱ्या गादीवरच्या गिऱ्हाइकाने कूस बदलली. सगळे जागच्या जागी थिजले.

गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. पांढरा कोट अंगात, बूट खाली नीट जोडून ठेवलेले, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. गेला महिनाभर ते जेवणाच्या सुट्टीत येत, तिसऱ्या गादीवर आडवे होत, घोरत, उठत आणि ‘सांगतो’ म्हणून निघून जात. पणजोबांच्या नियमाला हा एकच माणूस पुरून उरला होता. काकांनी तर त्यांना मनातल्या मनात ‘तिसरी गादी’ असंच नाव ठेवलं होतं.

डॉक्टर पुन्हा घोरू लागले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नेमका तेव्हाच आईचा फोन वाजला.

ती वाजणारी धून बाबांनी निवडलेली होती आणि बाबांना सगळं दणदणीत लागतं. आईने फोनवर उशी दाबली, काकांनी त्यावर दुसरी टाकली, आत्या त्या दोन्हींवर जाऊन बसली. खालून बाबांचा आवाज येऊ लागला. उशांच्या गडबडीत फोन लागलाही होता आणि त्याचा स्पीकरही सुरू झाला होता.

“काय ठरलं? मी गाडीत आहे, मागे दोन डबल गाद्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या आहेत, लवकर सांगा!”

“अहो, हळू बोला,” आई आत्याच्या कमरेपाशी वाकून म्हणाली.

“हळूच चालवतोय! काय ठरलं?”

“दादा, शिफारस बदलायची,” आत्या आपल्या खाली पाहून म्हणाली.

“बदला!”

“अण्णांना वाईट वाटेल,” काका म्हणाले.

“मग नका बदलू!” बाबा म्हणाले आणि गाडी बोगद्यात गेल्यासारखा फोन बंद झाला. बाबांची मतं ही अशीच असत. ज्याचं बोलणं शेवटी ऐकलं त्याच्या बाजूने ते ठाम उभे राहत.

बदलता येणार होतं, हे खरं. अर्ज अजून पाठवलेला नव्हता, आणि पाठवेपर्यंत शिफारस करणारा माणूस बदलायची सोय होती. आत्याने मघाशीच फोनवर निरोप टाकून आपल्या प्राचार्यांना गाठलं होतं. प्राचार्य म्हणाले होते, काही काळजी करू नका, पाचही रकान्यांत असामान्य देतो. फक्त मुलगा आहे की मुलगी तेवढं कळवा.

“त्यांनी तिला पाहिलंय कधी?” काकांनी विचारलं.

“न पाहता असामान्य म्हणतात, म्हणजे विचार कर,” आत्या म्हणाली.

आईने मान डोलावली. आईने आत्याच्या बोलण्याला मान डोलावणं ही त्या घरातली इतकी मोठी घटना होती की काकांनी डोळे चोळले. पडद्यांनंतर या दोघी कधी एका बाजूला बसल्या नव्हत्या. आता एकाच गादीवर, फोनवर आणि दोन उशांवर बसल्या होत्या. उरलेल्या बाजूला आजोबा होते, म्हणून काका निमूट तिकडे सरकले. फॉर्म आपल्याच बोटाने भरला गेला हे त्यांना मघापासून आठवत होतं.

आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती उशी कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या गादीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्याकडे अजून कुणी पाहिलंही नव्हतं.

खरं सांगायचं तर तिला शिफारशीची भीती नंतरची होती. तिला भीती होती समोरच्या पांढऱ्या चौकोनाची. ‘तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे?’ असं वर लिहिलेलं होतं आणि खाली काही नव्हतं. आठवडाभर ती त्यात लिहीत होती आणि पुसत होती. गेल्या वर्षीचं लेखन आत्याच्या देखरेखीखाली झालं होतं. ‘बालपणापासूनच मला ज्ञानाची अनिवार तहान आहे’ अशी त्याची सुरुवात होती, आणि शेवटी देशाचं भवितव्यही आलं होतं. ते वाचून आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. विद्यापीठांच्या डोळ्यांत काही आलं नाही.

“आत्या,” उशी म्हणाली, “ते रकाने राहू देत. सुरुवातच होत नाहीये माझी.”

झालं. दुकानातल्या सगळ्यांना एकदम कंठ फुटला, कुजबुजता का होईना. सल्ला द्यायची संधी या घराण्यात कुणी वाया घालवलेली नाही.

“ज्ञानाची तहान,” आत्या म्हणाली. “या वेळी तहान काढून भूक घाल. नवीन वाटेल.”

“भेटीपासून सुरू कर,” काका म्हणाले. “लोकांना काहीतरी बरोबर मिळालं की बरं वाटतं. मला घ्या, दोन उशा मोफत, असं काहीतरी.”

“खोळ उलटी करून शिवतात,” आई म्हणाली, “सगळे टाके आधी घाल आणि मग सुलटी कर. म्हणजे शेवट आधी लिही.” हे खरं तर बरं होतं, पण शेवट काय हेही उशीला माहीत नव्हतं.

“काही लिहू नकोस,” आजोबा म्हणाले. “आपण गादीबद्दल कधी बोलतो का? त्यांना पडू द्यायचं.”

“कशावर पडू द्यायचं, आजोबा? फॉर्म आहे तो!”

“तेच तर!” आत्या उसळली. “तुम्ही स्वतः कधी तोंड उघडून कौतुक केलं नाहीत, आणि पोरीलाही शिकवलं नाहीत. गेल्या वर्षी मी कौतुक घातलं तर ते उसनं वाटलं. यंदा मध्यम!”

“ताई, थांबा,” आई म्हणाली. ती उठली. उठताना तिच्या खालून बाबांचा फोन पुन्हा एकदा आपोआप लागला आणि ‘कोण बोलतंय?’ असा आवाज आला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि आजही ती रागाने बोलत नव्हती. तिला नुसतं रडू येत होतं.

“अण्णा, मला एक खरं सांगा. तुम्हाला मध्यमचा अर्थ माहीत नव्हता? की तुम्हाला ती जायलाच नको आहे?”

कुणी काही बोललं नाही. काका शिक्क्याकडे पाहत राहिले. उशीने लॅपटॉपवरची बोटं उचलली. आजोबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. फोनमध्ये बाबासुद्धा गप्प झाले, आणि ते आजवर कधीच झालं नव्हतं.

तेवढ्यात तिसऱ्या गादीवरून आवाज आला.

“का थांबलात?”

डॉक्टर उठून बसले होते. केस एका बाजूला चपटे झाले होते आणि ते सगळ्यांकडे तक्रारीच्या नजरेने पाहत होते.

“माफ करा हं,” काका दुकानदारी आवाजात आले. “आमच्या आवाजाने झोपमोड झाली तुमची.”

“आवाजाने नाही हो. तुम्ही बोलायचे थांबलात म्हणून जाग आली. छान चाललं होतं.” डॉक्टरांनी पायांनी बूट चाचपले. “घरी डोळा लागत नाही मला. बायको मुलीकडे गेली आहे, मुलीला बाळ झालंय. नाहीतर ती रोज शेजारच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलायची. काय बोलायची ते कधी कळलं नाही मला. पण ती बोलायला लागली की मी झोपायचो. आता घर इतकं शांत असतं की बसवत नाही.”

“मग क्लिनिकमध्ये?” उशीने विचारलं. ती केव्हा उठून त्यांच्यापाशी आली हे कुणाला कळलं नाही.

“क्लिनिकमध्ये लोक ओरडतात.”

“आणि इथे?”

“इथे तुम्ही सगळे सतत कुजबुजत असता. तुमच्या गाद्या मात्र, राग मानू नका, मला जरा घट्ट वाटतात.”

आजोबांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लिहिण्यासारखं नाही. उशीचं तिकडे लक्ष नव्हतं.

“शब्द कळले तर झोप लागते की कळले नाहीत तर? ओळखीचे लोक लागतात की कुणीही चालतं? डॉक्टर, परत आडवे व्हा ना जरा. प्लीज. सगळ्यांनी हळू आवाजात बोला!”

“काय बोलायचं?” काकांनी विचारलं.

“काहीही!”

आता ज्या घरात मघाशी एकमेकांचे शब्द तोडून लोक बोलत होते तिथे कुणाला काही सुचेना. डॉक्टर डोळे मिटून वाट पाहत पडले. काकांनी गादीची हमी देणारा कागद घेतला आणि हळू आवाजात वाचायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एक डोळा उघडला. “हमी कशाची, धुवायची नाही म्हणजे काय,” असं विचारून त्यांनी तो मिटला. शब्द कळत होते, जमलं नाही. मग उशीने आई आणि आत्याला दुकानाच्या मागच्या टोकाला नेऊन एकमेकींचं कौतुक करायला सांगितलं. दोघींनी “तुम्ही फार छान आहात,” “तुम्हीसुद्धा,” असं दोनदा म्हटलं आणि थांबल्या. डॉक्टर टक्क जागे.

“तुमचा तो निळा पडदा,” आत्याने सहज म्हटलं, “तसा वाईट नव्हता.”

“तसा म्हणजे?” आई म्हणाली.

“म्हणजे खिडकीला नको होता, एवढंच.”

“खिडकीला नको तर पडदा कुठे लावतात, ताई?”

आणि कुजबुज जी सुरू झाली ती थांबेना. वर्षभराचं साठलेलं होतं. रंग, कापड, तेव्हा कोण काय म्हणालं, कुणी कुणाला चहा विचारला नाही, सगळं हळू आवाजात, दात आवळून, एका सुरात बाहेर येऊ लागलं. इकडे डॉक्टरांचा जबडा सैल झाला, एक पाय गादीच्या बाहेर आला आणि ते घोरू लागले. काकांनी हमीचा कागद त्यांच्या अंगावर पांघरला.

उशी हसत होती. आईला आठवेना की ती यापूर्वी अशी केव्हा हसली होती. नकार आल्यापासून तर नाहीच. हसता हसता ती लहान मुलांच्या गादीवर जाऊन बसली आणि लिहू लागली, आणि या वेळी पुसलं नाही. तिने लिहिलं की ती गाद्यांच्या दुकानात वाढली आणि तिथे तिने शेकडो लोकांना झोपताना पाहिलं. झोपेला शांतता लागते असं सगळे धरून चालतात. पण एक माणूस असा आहे की ज्याला शांततेने जाग येते, आणि पलीकडे कुणीतरी न कळणारं, हळू, शक्यतो जुनं भांडण भांडत असलं तर झोप लागते. हे का होतं ते तिला माहीत नाही, पुस्तकांत सापडलं नाही, आणि ते कळेपर्यंत तिला चैन पडणार नाही. पुढे तिने ते कसं शोधता येईल, काय मोजावं लागेल, आपल्याला त्यातलं काय येत नाही, हेही लिहिलं. तहान, भूक आणि देशाचं भवितव्य कुठेही आलं नाही. वाचून दाखवल्यावर आत्याने लॅपटॉप आपल्याकडे वळवून ते पुन्हा एकदा वाचलं.

“यात कौतुक कुठेच नाही तुझं,” ती म्हणाली. “पण मला पुढे काय झालं ते वाचावंसं वाटतंय. गेल्या वर्षी नव्हतं वाटलं.” हे म्हणायला तिला जड गेलं, पण म्हणाली.

राहिली ती शिफारस. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. आत्याच्या फोनवर प्राचार्यांचा निरोप येऊन पडला होता: ‘मुलगा की मुलगी?’

“उशे, आता तूच ठरव,” आई म्हणाली. “अण्णांकडे बघू नकोस. माझ्याकडेही बघू नकोस.”

तेव्हा काका खाकरले. “एक सांगायचं राहिलं. रकान्यांच्या खाली एक मोठा चौकोन होता. उमेदवाराबद्दल आणखी काही सांगायचं असल्यास.”

“अरे देवा,” आत्या म्हणाली. “त्यात काय लिहिलंत?”

“अण्णांनी सांगितलं तेच टाइप केलं मी. आधी लिहिलं की आमच्या धंद्यात मध्यम म्हणजे काय. ते लांबलंय जरा, त्यात कापूस पण आहे.” काका अडखळले. “आणि मग लिहिलंय की ही मुलगी गेल्या वर्षी फार दबली गेली. आम्हाला वाटलं आता बसली. पण ती बसली नाही, पुन्हा होती त्या उंचीला आली. अशी माझ्या हातून एकही बनली नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवताना जीव होत नाही. तरी पाठवतो आहे. हिच्यावर कुठेही खड्डा पडणार नाही याची खात्री देतो.”

आईने तोंडाला पदर लावावा तसा हातातला उशीचा अभ्रा लावला.

आजोबा गाद्यांच्या थप्पीकडे पाहत होते. “तू विचारलंस ना सूनबाई,” ते म्हणाले. “जायला नकोच आहे मला ती. दुकान उघडल्यावर पहिली हाक मी तिला मारतो. ती गेल्यावर कुणाला मारू? पण म्हणून मी पोरीचं वजन कमी करून सांगेन असं वाटलं तुला?”

“चुकलं माझं,” आई म्हणाली आणि रडली. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही रडली. डॉक्टर झोपेतच होते.

उशीने आत्याचा फोन घेतला आणि प्राचार्यांना कळवलं की मुलगी आहे, आणि त्यांची गरज लागणार नाही. मग आजोबांचं नाव होतं तसंच ठेवून तिने अर्ज पाठवून दिला. “आता नाही घेतलं तरी हरकत नाही,” ती म्हणाली. “म्हणजे हरकत आहे. मी खूप रडेन. पण पुढच्या वर्षी परत भरेन. मला ते खरंच जाणून घ्यायचंय.”

“घेतलं का? घेतलं?” उशांखालून बाबा ओरडले. त्यांच्या दोन गाद्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्याही होत्या, आणि फोन अजून चालूच होता.

“अहो, आत्ताच पाठवलाय! कळायला महिने लागतात,” आईने सांगितलं, आणि ती फोन घेऊन बाबांना सगळं पहिल्यापासून समजावत बसली. आत्या मध्ये मध्ये दुरुस्त्या करू लागली. काका दिवे लावायला गेले.

उशी जरा वेळाने हवा खायला बाहेर आली. दाराच्या काचेला आतून एक पुठ्ठा टेकवलेला होता. आजोबा पलीकडे वाकून, दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरून, तो काचेला लावत होते. गादीच्या खोक्याचाच पुठ्ठा कापलेला होता, आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं: ‘दुकानात मदतीला मुलगी पाहिजे. लवकर.’

“आजोबा,” उशी काचेतून म्हणाली, “अजून काहीच ठरलं नाहीये.”

त्यांना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यालाही पट्टी लावली आणि अंगठ्याने नीट दाबली. उशी तिथेच पायरीवर उभी राहून रडायला लागली, आणि रस्त्यावरून जाणारी एक मुलगी ती पाटी वाचायला थांबली.